लाल ठिपक्यांची रांग

श्रावण संपता संपता एका संध्याकाळी मी भाचीच्या स्कूटरवर मागे बसून पुण्यातल्या नळस्टॉपच्या चौकातून घरी येत होते. पाऊस नुकताच उघडला होता आणि वाहने मुंगीच्या पावलांनी सरकत होती. पुढच्या मोटारीच्या मागच्या दिव्यावरून माझी नजर सहज डावीकडच्या औषधाच्या दुकानाच्या पाटीकडे गेली आणि त्या क्षणी लाल ठिपक्यांची एक रांग, ओवलेल्या मण्यांसारखी, हवेत उमटून नाहीशी झाली. मला वाटले, भास झाला. पुन्हा दिव्याकडे पाहिले, पुन्हा पाटीकडे, पुन्हा मणी. शेजारच्या जुन्या रिक्षाच्या मागच्या दिव्यावर हाच प्रयोग करून पाहिला, तर तिथे एकही मणी उमटला नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यामुळे डोळ्यांपुढे काहीही नवे दिसले की माझ्या मनात आधी भीतीच येते. दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, दोन्ही डोळ्यांचे पडदे तपासले आणि सगळे उत्तम असल्याचे सांगितले. भाची ऑप्टोमेट्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, संध्याकाळी तिला ही हकीकत सांगितली, तेव्हा ती हसत म्हणाली, “मावशी, तो दिवा लुकलुकतोय आणि तुझा डोळा उडी मारताना तुला ते कळतंय, एवढंच.” त्या ‘एवढंच’ने पुढचे दोन महिने मला अनेक गोष्टी वाचायला लावल्या आणि त्यांतूनच हे टिपण झाले आहे.

आधी दिव्याचे. अनेक मोटारींमध्ये मागचा एलईडी दिवा एरवी मंद ठेवण्यासाठी त्याचा वीजप्रवाह कमी न करता तो अतिशय वेगाने चालू-बंद केला जातो, आणि ब्रेक दाबला की तोच दिवा सलग पेटतो. ही उघडझाप इतकी जलद असते की स्थिर नजरेला दिवा अखंड पेटलेलाच दिसतो. परंतु नजर दिव्यावरून पाटीकडे जाते, त्या वेळी डोळा फिरत असल्यामुळे दिव्याची प्रतिमा दृष्टिपटलावरून, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावरून, झर्रकन सरकते आणि दिव्याची प्रत्येक उघडझाप पटलावरच्या वेगळ्या जागी पडते. दिवा सेकंदाला 200 वेळा पेटत असेल आणि डोळ्याची ती हालचाल 50 मिलिसेकंदांची असेल, तर पटलावर साधारण 10 ठिपके उमटतात. रिक्षातल्या जुन्या बल्बची तार तापलेली असते आणि ती सलग उजळते. तिथे मणी पडण्याचे कारणच नाही. डोळा असा हलत असताना सेकंदाला हजाराहून अधिक वेळा होणारी उघडझापसुद्धा माणसाला कळू शकते, हे प्रयोगांनी दाखवले आहे. स्थिर नजरेची मर्यादा त्या मानाने फारच खाली आहे.

माझी भीती एवढ्याने गेली, पण तिच्या जागी एक प्रश्न येऊन बसला. ठिपके दिसले याचा अर्थ, डोळा उडी मारत असताना त्यात प्रकाश शिरत होता आणि त्याची नोंदही होत होती. मग त्याच क्षणी औषधाच्या दुकानाची पाटी, विजेचे खांब, छत्र्या, समोरचा अख्खा कर्वे रस्ता फरफटत गेल्यासारखा का दिसला नाही? मी 34 वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले, म्हणजे डोळ्यांवरच पोट भरले. तरी हा प्रश्न मला त्यापूर्वी कधी पडला नव्हता, याची थोडी शरमही वाटली.

डोळ्याला अशी उडी मारावीच लागते, याचे कारण त्याच्या रचनेत आहे. दृष्टिपटलाच्या मध्यभागी फोव्हिया नावाचा एक लहानसा खळगा असतो आणि खरोखर रेखीव दिसते ते तेवढ्याच भागातून. हात लांब करून अंगठा समोर धरला तर त्याच्या नखाने जेवढी जागा व्यापते, ती साधारण दोन अंशांची. आपले बारीक पाहण्याचे राज्य जवळपास तेवढेच आहे. बाकीचे सारे दृश्य धूसर असते आणि आपण तो नखाएवढा झरोका इकडून तिकडे फिरवत जगाचे चित्र मिळवत असतो. हे फिरवणे संथ नसते. डोळा एका जागी साधारण पाव सेकंद थांबतो, मग झटक्यात दुसऱ्या जागी जातो, पुन्हा थांबतो. जागेपणी सेकंदाला सुमारे तीन अशा झेपा होतात. मोठ्या झेपेत डोळ्याचा वेग सेकंदाला 500 अंशांच्याही वर जातो. शरीरातल्या सर्वांत जलद हालचालींपैकी ही एक आहे. शास्त्रज्ञ तिला ‘सॅकेड’ म्हणतात. हा मूळ फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ झटका किंवा हिसका असा आहे. मी मात्र इथे ‘झेप’ हाच शब्द वापरणार आहे.

आता हिशेब करून पाहावा. सोळा तासांच्या जागेपणात सेकंदाला तीन झेपा धरल्या तर दिवसाला दीड लाखाहून अधिक होतात आणि प्रत्येक झेप सरासरी 40 मिलिसेकंदांची मानली तर त्यांत सुमारे दोन तास जातात. या दोन तासांत दृष्टिपटलावर जे काही पडते, ते कॅमेरा हिसकला जाऊन बिघडलेल्या छायाचित्रासारखे असते, आणि त्यातले जवळजवळ काहीही आपल्या अनुभवाला येत नाही.

भाचीने मला आरशापुढे उभे केले आणि स्वतःच्या डाव्या डोळ्याकडून उजव्या डोळ्याकडे नजर न्यायला सांगितले. डोळा हललेला मला काही केल्या दिसेना. तीच शेजारी उभी राहून माझे डोळे लख्ख हलताना पाहत होती. मग तिने मोबाइलचा समोरचा कॅमेरा सुरू करून तोच प्रयोग करायला लावला आणि मला माझे डोळे हलताना चक्क दिसले. मोबाइलच्या पडद्यावर चित्र किंचित उशिरा येते, त्यामुळे झेप संपून डोळा स्थिर झाल्यावर त्याला आधीची हालचाल पाहायला मिळते. आरशाची ही गोष्ट नवी नाही. बेनो एर्डमान आणि रेमंड डॉज यांनी वाचनावरच्या आपल्या 1898च्या ग्रंथात तिची दखल घेतली होती आणि डॉज यांनी 1900 मध्ये त्यावर स्वतंत्र लेखही लिहिला. आरशात आपण रोज पाहतो, आणि स्वतःचा डोळा हलताना दिसत नाही हे आपल्या लक्षातही येत नाही, याचे मला त्या प्रयोगापेक्षाही अधिक आश्चर्य वाटले.

मग ही फरफट जाते कुठे? याची दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खरी आहेत. पहिले उत्तर सरळ आहे. झेपेच्या आधी आणि नंतर डोळा स्थिर असतो, तेव्हाचे चित्र स्पष्ट, ठसठशीत आणि दीर्घ असते. मधले चित्र पुसट आणि क्षणभराचे. दोन खणखणीत आवाजांच्या मध्ये कोणी कुजबुजले तर ते ऐकू येत नाही, तसे हे दोन्ही बाजूंचे स्पष्ट चित्र मधल्या पुसट चित्राला झाकून टाकते. फर्गस कॅम्पबेल आणि रॉबर्ट वुर्ट्झ यांनी 1978 मध्ये हे फार साधेपणाने दाखवले. अंधाऱ्या खोलीत केवळ झेप चालू असतानाच उजेड पाडला, तर माणसाला फरफटलेले चित्र दिसते. उजेड झेपेच्या आधी किंवा नंतर थोडा वेळ राहिला, की फरफट नाहीशी होते. माझ्या लाल मण्यांचे रहस्यही इथेच आहे. काळोख्या रस्त्यावर तेजस्वी दिव्याच्या ठिपक्यांना झाकून टाकील असे दुसरे उजळ काही तिथे नव्हते. भर दुपारी तीच मोटार पाहिली तेव्हा मला एकही मणी दिसला नाही.

दुसरे उत्तर अधिक गूढ आहे. मेंदू झेपेच्या वेळी दृष्टीची संवेदनक्षमता स्वतःहून कमी करतो, आणि ही घट डोळा प्रत्यक्ष हलण्याच्या थोडी आधीच सुरू होते. याचा अर्थ, ही घट नुसती चित्र पुसट झाल्यामुळे होत नाही. झेपेचा हुकूम सुटतानाच पाहणाऱ्या यंत्रणेला तशी सूचना गेलेली असते. डेव्हिड बर, कॉन्चेत्ता मोरोने आणि जॉन रॉस यांनी 1994 मध्ये दाखवले की ही घट सरसकट नसते. ठळक आकार आणि हालचाल टिपणारा, उजेड-अंधाराच्या फरकावर चालणारा दृष्टीचा मार्ग झेपेत मंदावतो. केवळ रंगाच्या फरकावर आधारलेली आकृती मात्र झेपेतही दिसत राहते. जो मार्ग हालचाल टिपतो त्याचाच आवाज कमी करायचा, म्हणजे जग धावल्याचा गजर वाजत नाही. या दोन उत्तरांपैकी कोणाचा वाटा किती, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. दिवसाउजेडी, भरगच्च रस्त्यावर झाकण्याचे काम मुख्यतः पहिलेच करत असावे, असा माझा कल आहे. पण हे एका निवृत्त मुद्रितशोधिकेचे मत आहे.

पापणीच्या उघडझापेतही असेच होते, आणि ते सिद्ध करण्याची फ्रान्सिस व्होल्कमन, लॉरिन रिग्ज आणि रॉबर्ट मूर यांची 1980ची युक्ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. पापणी मिटली की अंधार होणारच. तेव्हा मेंदू काही करतो की नाही हे कळावे कसे? त्यांनी प्रकाशाची नळी माणसाच्या तोंडात धरून टाळूतून थेट दृष्टिपटलावर उजेड पाडला, म्हणजे पापणीचा अडथळाच उरला नाही. तरीही उघडझापेच्या क्षणी त्या उजेडातला बदल ओळखण्याची क्षमता कमी झाली.

फरफट दिसत नाही हे समजले, तरी एक कोडे उरतेच. झेपेनंतर संपूर्ण चित्र दृष्टिपटलावर वेगळ्या जागी पडलेले असते. मग खोली जागची हलली असे आपल्याला का वाटत नाही? एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी याचा मागोवा घेतला होता. एक डोळा मिटून दुसऱ्या डोळ्याच्या कडेला पापणीवरून बोटाने हलकेच दाबले तर सगळे जग हलते. तोच डोळा स्वतःच्या स्नायूंनी त्याहून कितीतरी अधिक फिरला तरी जग स्थिर राहते. शस्त्रक्रिया झाल्यामुळे मला हा प्रयोग करायला भाचीने बजावून मनाई केली आहे, पण लहानपणी आम्ही भावंडे हा खेळ खेळत असू, त्यामुळे त्याची खात्री मला आहे. फरक आहे तो हुकमाचा. आपल्या सरकारी पत्रव्यवहारात आदेश ज्याला द्यायचा त्याला जातो आणि खाली ‘प्रत माहितीसाठी’ असे लिहून दुसऱ्या खात्यालाही एक प्रत पाठवली जाते. तसाच मेंदू डोळ्याच्या स्नायूंना हुकूम देताना त्याची एक प्रत दृष्टीच्या खात्याकडे धाडतो. ती प्रत मिळाली असेल तर चित्राचे सरकणे हिशेबात धरून वजा केले जाते. बोटाने दाबले तर अशी प्रत कोणी पाठवतच नाही.

1950 मध्ये ही कल्पना दोन ठिकाणी स्वतंत्रपणे मांडली गेली. जर्मनीत एरिक फॉन होल्स्ट आणि होर्स्ट मिटेलश्टेट यांनी माशीचे डोके उलटे फिरवून पाहिले, अमेरिकेत रॉजर स्पेरी यांनी माशाचा डोळा शस्त्रक्रियेने उलटा बसवला, आणि दोन्ही जीव जागच्या जागी गोल गोल फिरत राहिले, कारण वजाबाकीच्या जागी बेरीज होऊ लागली होती. पुढे 1992 मध्ये दुआमेल, कोल्बी आणि गोल्डबर्ग यांना माकडाच्या मेंदूत अशा पेशी आढळल्या, की झेप संपल्यावर जी वस्तू त्यांच्या वाट्याला येणार आहे तिला त्या झेप सुरू होण्यापूर्वीच प्रतिसाद देऊ लागतात. माहितीची प्रत नुसती मिळत नाही, तर तिच्यावर आगाऊ कार्यवाहीही होते. सरकारी खात्याशी असलेले साम्य इथे संपते.

काळाच्या बाबतीत मेंदूने केलेली फेरफार मला व्यक्तिशः महागात पडली होती. आमच्या दिवाणखान्यात टकटक करत सरकणाऱ्या सेकंदकाट्याचे घड्याळ आहे. वाचता वाचता मी एकदम वर पाहिले की काटा क्षणभर थबकलेला वाटे आणि मगच पुढे जाई. सेल उतरला असेल या समजुतीने मी तो दोनदा बदलला. किएलन यारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये या थबकण्याची मोजणी केली. झेपेमुळे मध्ये जी पोकळी पडते तिच्या जागी मेंदू झेपेनंतर दिसलेले पहिलेच चित्र भरतो, आणि ते चित्र जणू झेप सुरू झाल्यापासूनच दिसत होते असे ठरवतो. त्यामुळे पहिला सेकंद लांबलेला वाटतो, आणि झेप जितकी मोठी तितका अधिक लांबतो. झेप चालू असताना लक्ष्य जागचे हलवले आणि ते माणसाला कळले, तर हा भास होत नाही. जणू जुनी नोंद मागच्या तारखेने भरायला मेंदू तेव्हा धजावत नाही. घड्याळ अर्थातच ठणठणीत होते.

आता माझ्या धंद्याकडे वळते. झेपेचा शोधही वाचनातूनच लागला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वाचणाऱ्याचा डोळा ओळीवरून सलग सरकतो असेच लोक मानत. पॅरिसचे नेत्रवैद्य एमिल झाव्हाल यांच्या प्रयोगशाळेत 1878-79च्या सुमारास लामार यांनी डोळे झटक्याझटक्याने हलत असल्याचे नोंदवले. त्याच सुमारास एवाल्ड हेरिंग यांनी पापणीवर रबरी नळी टेकवून डोळ्याच्या स्नायूंचे आवाज ऐकले आणि तेच सांगितले. झाव्हाल यांची दृष्टी पुढे काचबिंदूने गेली, आणि अंध झाल्यावर त्यांनी अंधांसाठीच एक पुस्तक लिहिले.

इंग्रजी वाचणाऱ्या प्रौढ माणसांच्या मोजण्या उपलब्ध आहेत. डोळा एका जागी 200 ते 250 मिलिसेकंद टेकतो, मग सात ते नऊ अक्षरे ओलांडून पुढे जातो. जवळपास एक तृतीयांश शब्दांवर तो टेकतच नाही, आणि शंभरातल्या दहा-पंधरा झेपा मागे येण्यासाठी असतात. टेकलेल्या जागेच्या उजवीकडची चौदा-पंधरा अक्षरे आणि डावीकडची केवळ तीन-चार वाचनाच्या कामी येतात. हिब्रू वाचणाऱ्यांत ही बाजू उलटते, कारण ती लिपी उजवीकडून डावीकडे जाते. ज्या शब्दांवर डोळा टेकत नाही ते बहुधा लहान किंवा सहज ओळखता येणारे असतात.

हे वाचले आणि मला माझी एक जुनी चूक आठवली. एका पुस्तकाच्या मुखपृष्ठामागच्या पानावर ‘दुसरी आवृत्ती’ऐवजी ‘दुसरी आवृती’ असे छापले गेले. ते पान मी तीनदा वाचले होते आणि तिन्ही वेळा त्यावर माझी सही आहे. अकराशे प्रती बांधून झाल्यावर लेखकाने फोन केला. तेव्हा मी ती माझ्या गाफीलपणाची चूक मानली, आणि ती होतीही. पण तिची यंत्रणा आता कळते. ‘दुसरी’ या शब्दावर डोळा टेकला की पुढे ‘आवृत्ती’च असणार हे मेंदूला ठाऊक असते, म्हणून त्या शब्दावरून तो उडून जातो, आणि फोव्हियाच्या बाहेरच्या धूसर भागातून ‘त्त’ आणि ‘त’ यांतला फरक दिसत नाही. मी तो शब्द तीनदा वाचला नव्हता. तीनदा गृहीत धरला होता.

आमच्या वेळचे ज्येष्ठ मुद्रितशोधक नव्या माणसाला ज्या युक्त्या शिकवत, त्या सगळ्या या झेपेला वेसण घालण्याच्याच होत्या. ओळीखाली पट्टी धरायची, म्हणजे डोळा पुढच्या ओळीत घसरत नाही. एकाने मूळ प्रत विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने प्रूफावर नजर ठेवायची, म्हणजे डोळ्याला कानाच्या गतीने चालावे लागते. अगदी महत्त्वाचे पान असेल तर शेवटच्या ओळीपासून वर वाचत यायचे, म्हणजे अर्थाचा ओघ तुटतो आणि पुढचा शब्द ओळखता येत नाही. देवनागरीत शिरोरेषेच्या वरही चूक लपते आणि अक्षराच्या पायाशीही. माझ्या अनुभवात पायाशी लपलेले ऱ्हस्व-दीर्घ उकार सर्वाधिक निसटतात, कारण आपली नजर ओळीच्या वरच्या अंगाने चालते. खिळे जुळवणारा जुळारी गेला, पडद्यावरचे प्रूफ आले, तरी पट्टी मी सोडलेली नाही.

जॉर्ज मॅकॉन्की आणि डेव्हिड झोला यांनी 1979 मध्ये केलेला एक प्रयोग वाचून मी पट्टी खाली ठेवली आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. इंग्रजी मजकुरात एकाआड एक अक्षर मोठ्या आणि लहान लिपीत छापले होते, आणि वाचकाने प्रत्येक झेप घेतली की तिच्या दरम्यान संगणक मोठ्याचे लहान आणि लहानाचे मोठे करून टाकी. म्हणजे पडद्यावरचे एकूण एक अक्षर सेकंदाला तीन-चारदा रूप पालटत होते. वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागला नाही आणि त्याच्या वाचनाचा वेगही मंदावला नाही. शेजारी बसलेल्या माणसाला तोच पडदा सारखा लुकलुकताना दिसला असता. झेपेपलीकडे आपण शब्द नेतो, अर्थ नेतो; अक्षराचा आकार अलीकडेच राहतो.

आणि झेप नसतीच तर? स्थिर डोळ्यालाही फार काळ दिसत नाही. रशियातले आल्फ्रेड यार्बुस यांनी डोळ्यावर चिकटणारी एक लहान टोपी बसवून त्यावरच चित्र लावले, म्हणजे डोळा कसाही हलला तरी चित्र दृष्टिपटलाच्या त्याच जागी राहील. काही सेकंदांतच ते चित्र विरून गेले.

एका प्रयोगाला आरसा, दिवा, प्रयोगशाळा काहीच लागत नाही, फक्त पुणे-लोणावळा लोकलचे तिकीट लागते. लोणावळ्याकडे जाताना उजव्या बाजूच्या खिडकीशी बसावे, कारण शेजारचा रूळ त्या बाजूला असतो. गाडीने वेग घेतला की त्या रुळाखालचे स्लीपर, म्हणजे आडवे टाकलेले ठोकळे, एकमेकांत मिसळून करडा पट्टा होतो. ताशी 60 किलोमीटरच्या वेगाने पाच मीटरवरचा स्लीपर नजरेपुढून सेकंदाला सुमारे 190 अंश या गतीने मागे जातो, आणि इतक्या वेगाने एखाद्या वस्तूचा शांतपणे पाठलाग करणे डोळ्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. पण झेपेचा वेग तेवढा सहज असतो. म्हणून त्या पट्ट्यावरून नजर पुढून मागे झटकन टाकावी. झेपेच्या मधल्या एखाद्या निमिषात डोळा आणि स्लीपर एकाच गतीने जातात, दृष्टिपटलावर चित्र स्थिर होते आणि ज्या क्षणी आपण आंधळे असतो असे सांगतात, नेमक्या त्याच क्षणी एक स्लीपर त्याच्या शेजारच्या खडीसकट लख्ख उभा राहतो. नजर उलट, मागून पुढे टाकली तर काहीच दिसत नाही. मला दापोडीच्या पुढे हे तिसऱ्या खेपेला जमले. समोरच्या बाकावरच्या आजींनी माझी मान आणि डोळे यांची ही ओढाताण बराच वेळ पाहून, काही सांडले आहे का, असे विचारले; मी त्यांना खिडकीशी जागा करून दिली. चिंचवड येईपर्यंत त्यांनाही दिसला होता.